मुनीर सरांचा समुद्र

लातुरात समुद्र ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे मुनीर सर. खोलीत काचेची टाकी, टाकीत खारं पाणी आणि पाण्यात शहाबादी फरशीच्या तुकड्यांना चिकटलेले समुद्री किडे. हा किडा अंगातल्या चिकट रसानं वाळूचा कण कणाला जोडतो आणि स्वतःभोवती नळी बांधतो. नळ्यांना नळ्या चिकटत गेल्या की त्यांचा खडक होतो. मग लाट त्यावर फुटते आणि किनाऱ्याला हळू लागते. सर हे जिन्यात अडवून कुणालाही सांगत.

ते कोचिंग क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवायचे. तिथंही किडे निघायचेच.

"सर, हे परीक्षेला येतंय का?" पोरं विचारायची.

"परीक्षेला न्हाई, लाटेला येतंय."

समुद्राचं पाणी त्यांची मुलगी रुखसाना कोकणातून एसटीनं पाठवायची. टँकरच्या दिवसांत तसला एक कॅन जिन्यात दिसला आणि आमच्या हिनं त्या पाण्यात वरण शिजवलं. पहिल्या घासाला उलगडा झाला. मी ओशाळून वर गेलो.

"सबर, भाऊ," सर म्हणाले. "वहिनींचं मीठ तरी वाचलं." मग हळूच, "कॅनच्या तळाला वाळू असंल. तेवढी टाकू नका."

एकदा लोहा गावाकडचा एक शेतकरी पोतं घेऊन आला. किडे पाळणारे सर म्हणजे गांडूळखत, असं त्यानं धरलं होतं.

"हे खत करत न्हाईत, मामा. जमीन धरून ठेवतेत."

"आमची कुठं चाललीय? हाय तिथंच हाय की."

एरवी सर तासभर बोलले असते. त्या दिवशी त्यांनी नुसता चहा टाकला. भूकंपात त्यांचं गाव गेलं होतं. दगडमातीची भिंत बायकोवर पडली. तान्ही रुखसाना तेवढी हाती लागली. आता तिच्या सासरी समुद्र अंगणाची कड खात होता. सरांचे किडे तिथंच जायचे होते. ओल्या गोणपाटात फरशी गुंडाळून, ती मांडीवर घेऊन सर एसटीत बसायचे. कंडक्टरनं विचारलं तर म्हणायचे, "लेकीचं सामान हाय." परत आल्यावर मात्र तिकडचं काही सांगत नसत.

यंदा सर गेले. रुखसाना टाकी न्यायला आली, तेव्हा मी विचारलं, "फरश्या टिकल्या का गं?"

"पहिल्या वाहून गेल्या, चाचा. शेवटची धरली." तिनं वीतभर अंतर दाखवलं. "एवढाच खडक झालाय अजून."

टाकी पुसत ती म्हणाली, "अब्बा आले की अंगणात बाज टाकायचे. घरात म्हणून निजायचे न्हाईत."

इथंही ते बारा महिने गच्चीवर झोपायचे. आम्हाला वाटायचं, उकाड्यानं लागलेली सवय.

"ती फरशी धरली ना, त्या खेपेला आत निजले," रुखसाना म्हणाली. "घोरत होते, चाचा."