आमदानी किती?

"बोला साहेब, आमदानी किती?" सबनीसकाकांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं. मी बँकेतला, नुकताच बदलीवर कोलकात्याला आलेला. मराठी मंडळाच्या गुणगौरव समारंभात, चारचौघांत, हा गृहस्थ माझी मिळकत विचारतोय! मी फणकाऱ्याने पगार सांगून टाकला. सगळा हॉल हसला. बंगालीत आमदानी म्हणजे आयात, हे मला तेव्हा कुठे माहीत!

काकांची सगळी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये झाली. पेटी उघडल्याशिवाय सोडायची नाही, ही सवय निवृत्तीनंतर माणसांवर आली. त्या समारंभात माझ्या मुलीचा, वेदाचा सत्कार होता; बारावीत सत्त्याण्णव टक्के. काका म्हणाले, "आई गणिताची प्राध्यापक, बाप हिशेबी. निम्मं डोकं बाहेरून आलेलं. घरचा माल किती, तेवढं सांगा!"

वारशाची बुद्धी म्हणजे आयात, स्वतःच्या घामाचा तो घरचा माल. मंडळाने एक तरी बक्षीस घरच्या मालाला द्यावं, असा ठराव काका दरवर्षी मांडत. अनुमोदक मिळत नसे, ठराव बारगळे.

मी एकदा त्यांना कोंडीत पकडलं. "काका, कष्ट करायची चिकाटी तरी कुठून येते? तीही आईबापांकडूनच ना?"

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाले, "मुद्दा पक्का आहे. ही पेटी मी उघडलीच नव्हती." वाद हरल्यावर इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तेव्हापासून मी त्यांचा भक्त झालो.

यंदा वार्षिक सभेआधी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर चौकटीत एक जुनी गुणपत्रिका. गणितात पस्तीस.

"ही तुमची?"

"माझी कसली! धाकट्या भावाची, दत्तूची. चौथ्या खेपेला मॅट्रिक सुटला. सगळा घरचा माल!"

"आणि मंडळात सगळे सांगतात ती तुमची सुवर्णपदकं?"

"ती आयात. जप्त करून माळ्यावर टाकलीत." काका हसले, पण लगेच थांबले. "मला एकदा वाचलं की यायचं हो. तो तेच पान दहादा वाचायचा. एकाच आईची आम्ही मुलं. त्याला स्टेजवर कुणी कधी बोलावलं नाही. आता तर तो नाहीच."

टेबलावर यंदाच्या ठरावाचा कागद होता. अनुमोदकाच्या रिकाम्या जागी मी सही केली.

काका त्या सहीकडे बघत राहिले.

"माझ्या बक्षिसांना ना," ते म्हणाले, "सगळ्यात जोरात टाळ्या दत्तू वाजवायचा."