आधी माप, मग मौज

ट्राम थांबली की लोक चढतात. आमचे अण्णा वाकायचे. खिशातून घडीची लाकडी पट्टी काढायची, टकटक उलगडायची आणि रस्त्यापासून ट्रामच्या पायरीपर्यंतची उंची मोजायची. मागे माणसं खोळंबलेली, वरून कंडक्टर बंगालीत ओरडतोय, "की होच्छे, दादा? उठबेन ना?" अण्णांना त्याचं काय! शांतपणे पट्टी मिटायची, माझ्याकडे वळायचं आणि जाहीर करायचं, "अकरा इंच. नापास!"

आणि मग त्याच नापास ट्राममध्ये चढून ऐटीत बसायचं. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट. बँकेने यांची कलकत्त्याला बदली केली आणि मी नगरची मुलगी भवानीपुरातल्या एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर येऊन पडले. नगरचं ऊन कडक, पण सरळ. इथलं मेलं अंगाला चिकटून बसायचं. यांना रजा नाही, म्हणजे मला माहेर नाही. दार्जिलिंगचं नाव काढलं की हे पेपरात डोकं खुपसायचे. मी फुगून बसायचे.

अण्णा आमचे मराठी शेजारी, वरच्या मजल्यावर राहायचे. खिदिरपूरच्या गोदीत पंचवीस वर्षं नोकरी, काम जहाजातून उतरलेल्या खोक्यांची मापं घेणं. माझं फुगलेलं तोंड बघून एके दिवशी म्हणाले, "सूनबाई, हवा खायला दार्जिलिंग कशाला? हवा इथेही आहे. संध्याकाळची ती कुठे येऊन बसते, तेवढं ठाऊक पाहिजे."

आणि खरंच, त्यांना ठाऊक होतं हो! दर रविवारी चार वाजता आमची वरात निघायची. कधी नदीवर. लाँचमध्ये बसायचं, पलीकडे जायचं आणि न उतरता परत यायचं. वारा असा की पदर सावरता सावरता पुरेवाट. कधी ढाकुरियाच्या तळ्याकाठी झालमुरी, म्हणजे तिकडची भेळ, कधी मैदानात झाडाखाली शहाळं. उन्हाळा असा मजेत जाऊ शकतो हे मला नगरला कधी कळलं नव्हतं.

फक्त ती पट्टी नको होती. "आधी माप, मग मौज," हे अण्णांचं ब्रीद. लाँचवर चढायची पायरी, "नऊ इंच, नापास." घाटाच्या पायऱ्या, "आठ, आणि कठडा नाही. नापास." तळ्याकाठच्या एकेका बाकावर बसून हात न टेकता उठायचं. "हा खोल आहे. उठताना गुडघा भीक मागतो. नापास!" शेजारच्या बाकावरची जोडपी उठून जायची. आमचे हे म्हणायचे, "धंद्याची सवय, दुसरं काय? जित्याची खोड."

ही खोड घरातही होतीच. आमच्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यांनी वेताचं एकेक बुटकं बसकं, स्टुलासारखं, आणून ठेवलं होतं. कशाला, तर "असू दे." माझा अंगठा त्यांवर किती वेळा ठेचला, याची गणती नाही.

आणि या सगळ्या सहलींत माई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, कधीच नसायच्या.

माईंना संधिवात. दोन्ही गुडघे गेलेले. जीभ तेवढी धडधाकट. दोन वर्षांपूर्वी ट्राममध्ये चढताना त्यांचा पाय वर उचललाच गेला नाही. ट्राम खोळंबली, लोक ओरडले, शेवटी चार अनोळखी माणसांनी त्यांना उचलून आत ठेवलं. तेव्हापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. मी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "आता मी बाहेर जाणार ती एकदाच गं, आणि तेव्हा उचलायला चौघे असतीलच." म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या. मला हसू येईना.

दिवसभर त्या रस्त्यावरच्या खिडकीत बसायच्या. त्या खिडकीचंही अण्णांनी काहीतरी करून ठेवलं होतं. खुर्चीखाली अलीकडेच फळ्यांचा चौथरा ठोकला होता, आणि खिडकीशी जायचं तर माईंना गज धरून त्याच्यावर चढावं लागे. "बघ यांचं खूळ," माई करवादायच्या, "बसल्या जागी मला डोंगर चढायला लावलाय."

एका रविवारी निघताना त्यांनी मला हाक मारली. "आल्यावर सांग हं, नदीवर वारा कसा होता."

त्या दिवशी लाँचवर वारा इतका सुंदर होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि अण्णा बघावं तर ओणवे होऊन पायरी मोजतायत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अण्णा, माईंना खिडकीत बसवून तुम्ही गावभर पायऱ्या मोजत हिंडता, मनाला काही वाटतं का हो?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. अण्णांनी पट्टी मिटली. "वाटतं, सूनबाई," एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी काहीही मोजलं नाही. मला रात्री जेवण गेलं नाही.

पंधरा दिवस अण्णांची हाक आली नाही. मग एका दुपारी जिन्यात धाडकन आवाज. धावत गेले तर अण्णा स्वतःच्याच बसक्याला अडखळून पडलेले, आणि पडल्या पडल्या ओरडतायत, "पास! साडेसहा इंच! पास!"

झालं होतं असं. काळीघाटच्या ट्राम डेपोत रुळाशेजारी एक दगडी ओटा होता. ट्रामचं दार बरोबर त्याच्यासमोर आलं, तर पायरी उरायची साडेसहा इंच. अण्णांनी ओट्यावर खडूने रेघ मारली होती आणि ड्रायव्हरला पटवून आले होते.

वर माईंनी मान फिरवली. "मी येणार नाही. पुन्हा तो तमाशा नको."

"कुणी हात लावणार नाही," अण्णा म्हणाले. "मीसुद्धा नाही. रोज खिडकीशी चढतेस ना? तेवढंच. सूतभर जास्त नाही."

माईंनी चौथऱ्याकडे बघितलं. मग अण्णांकडे. "म्हणजे हे दोन महिने तुम्ही मला..." त्यांनी कपाळावर हात मारला. "लबाड कुठले!" आणि माझ्याकडे वळून, "बघत काय राहिलीस? माझं निळं लुगडं काढ."

मी मेली शरमेने अर्धी झाले होते.

जिना उतरताना प्रत्येक वळणावर माई बसल्या. बसकं होतंच. खाली माणसाने ओढायची रिक्षा उभी होती. तिचे दांडे जमिनीला टेकवले की पाय ठेवायची फळी किती खाली येते, तेही आधीच मोजून झालेलं. डेपोत ट्राम खडूच्या रेघेशी येऊन थांबली. दारात तोच ओरडणारा कंडक्टर. अण्णांचा हात सवयीने खिशात गेला.

"ठेवा ती पट्टी," माई म्हणाल्या.

अण्णांनी दोन्ही हात मागे बांधले. माईंनी दाराचा दांडा धरला. उजवा पाय वर गेला. डावा मध्येच थरथरला, आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले. मग गेला तोही.

"चढले गं बाई!" माई केवढ्यांदा ओरडल्या! "बोशुन माशीमा, आस्ते आस्ते," म्हणत कंडक्टरने त्यांना पंख्याखालची जागा दाखवली, आणि त्या टेकेपर्यंत घंटी वाजवली नाही.

मैदान आलं आणि खिडकीतून वारा आत घुसला. माई अखंड बोलत होत्या, हे झाड नवीन का, ते दुकान कुठे गेलं. मी मागच्या बाकावरून हळूच म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"छे हो," त्यांनी मान न वळवता डोळे पुसले. "दोन वर्षं एकट्यानं हवा खाल्ली, सूनबाई. अंगी लागली नाही."

"अहो, पण मी उतरू कशी?" माईंना एकदम आठवण झाली.

"उतरायचंच नाही. हीच ट्राम परत डेपोत जाते."

"आणि पुढच्या रविवारी? नदी?"

अण्णांचा चेहरा पडला. "नदी नऊ इंच आहे गं."

माईंनी क्षणभर विचार केला. उडणारा पदर खांद्याशी घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मग उद्या खिडकीखाली आणखी एक फळी ठोका."