हकीकत शिक्केखान्याच्या खोळंब्याची

समस्त बैठकीकर, अहवालकर आणि चहाकर मंडळींस विदित व्हावे की, कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरील लढाईची हकीकत लिहोन ठेवावी ऐसा मोठ्या साहेबांचा हुकूम जाहला, म्हणोन लिहितो. साहेब वाचीत काही नाहीत, सबब खरेच लिहिले आहे.

कंपनीने नवे यंत्र सिद्ध केले होते आणि त्याचे पोटी एक चिप होती, तीस शिक्केखाना म्हणत. कोणतीही फाइल आत घालावी आणि तिने त्या फाइलीचा नेमका ठसा उमटवावा. फाइलीत एक टिंब बदलले तरी ठसा बदलावा, ऐसी तिची करामत. चिप मोठी हुशार, परंतु मुकी. म्हणोन तिजपाशी फायली नेणे आणि ठसे घेऊन येणे या कामी ड्रायव्हर नामे प्रोग्राम वकील नेमिला होता. तो लिहिणाऱ्या बाईंस अवघी कचेरी ताई म्हणे.

ग्राहकांस यंत्र दाखवावयाचे ठरले. तालमीस विभागप्रमुख, अखंडबैठकधुरंधर, राजमान्य राजश्री मोठे साहेब खाशा स्वारीनिशी आले, आणि ‘आगामी धोरण’ नामे आपली फाइल दस्तुरखुद्द यंत्रात घातली, आणि यंत्र जे थिजले ते हलेना की बोलेना. मागील फायली दारात खोळंबल्या आणि पडद्यावर चकती गरगर फिरत राहिली.

मग मसलत बसली. चाचण्या घेणारा गडी, ज्यास सारे खोटकाढ्या म्हणत, त्याने कबुली दिली की त्याच्या झाडून साऱ्या फायलींचे ठसे बिनचूक येतात. मग कोणी अर्ज केला की साहेबांचे विचार जड, यंत्रास पेलवले नसावेत. साहेबांस हे तत्काळ पटले. मग जादा मेमरीची कुमक आली आणि पंखा बदलला, आणि दोन फायली एकदम आल्या असता ठसे अदलाबदल होत, तो बग ताईंनी वाटेत सापडला म्हणोन मारिला. परंतु धोरण आत घालावे तो पुन्हा तेच. ती फाइल उघडोन पाहावी हे कोणाच्या मनी आले नाही, आले असल्यास अदबीने गिळले. साहेबांचे धोरण वाचावयाचे नसते, त्यापुढे मान डोलवावयाची असते, ऐसा त्या दरबारचा रिवाज.

मग फर्मान सुटले की, धोरणावर ठसा उमटेतोवर ताईंची रजा मोकूफ. हे ताईंच्या काळजास लागले. मातोश्रींचा एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्याचे ऑपरेशन होऊन पट्टी उद्या सकाळी सुटणार होती. दिसले तर आधी लेकीचे तोंड दिसावे, न दिसले तर लेकीचा हात हाती असावा, येवढेच मातोश्रींचे मागणे. आणि शेवटची गाडी संध्याकाळी सुटत होती.

दुपारी मातोश्रींचा फोन आला. येत नाही हे कसे सांगावे कळेना, म्हणोन ताई गप्प राहिल्या, आणि पलीकडे मातोश्रीही कान देऊन गप्प राहिल्या. शेवटी त्याच बोलल्या, “अगं, सांगायला काही नसेल तर तसं सांग आणि ठेव फोन. मी आपली कधीची ताटकळलेय!”

ताईंनी फोन ठेविला, आणि बेअदबी करून साहेबांची फाइल उघडिली. आत अक्षर नाही, टिंब नाही. साहेबांनी नाव दिले होते आणि मजकूर राहून गेला होता. चिपेस करावयास काही मिळाले नाही, म्हणोन झाले ऐसेही तिने कळविले नाही. आणि वकील बिचारा उत्तराची वाट पाहात दारी उभा. आता, रिकाम्या फाइलीचाही एक ठरलेला ठसा असतो. तो वकिलाने पदरीच बाळगावा, आणि रिकामी फाइल येताच चिपेस तोशीस न देता देऊन मोकळे व्हावे, ऐसी तजवीज ताईंनी थोडक्या ओळींत केली.

खोटकाढ्या घाबरा जाहला. “ताई, फाइल रिकामी आहे हे साहेबांना कोण सांगणार?”

“कोणी नाही. तू चाचण्यांत एक रिकामी फाइल घाल आणि मला गाडी गाठू दे.”

मग साहेबांस अर्ज गेला की, आपले धोरण यंत्रास आता पुरते उमगले आहे. साहेब संतोष पावले, फाइल घातली, ठसा क्षणात उमटला, आणि टाळ्यांचा गजर होतेवेळी ताई जिना उतरत होत्या.

सकाळी पट्टी सुटली. मातोश्रींनी डोळा उघडिला, मिटला, पुन्हा उघडिला, आणि ताईंचा जीव टांगणीस लागला. मग मातोश्री म्हणाल्या, “केस विंचरायलाही सवड नव्हती का गं?” ताई हसता हसता रडू लागल्या. दरबारी नकलेतून हा मजकूर गाळावा.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. साहेबांस मानचिन्ह मिळाले, पंख्याचा अहवालात गौरव जाहला, ताईंची रजा बिनपगारी मांडली. धोरण अस्सल असलेबद्दल ठसा उमटला आहे. धोरण तेवढे लिहावयाचे राहिले.