तोंडात बोळा

"दाढ काढायची म्हणजे काय? भिंतीतला खिळा उपटायचा! अकराला दाढ, बाराला छापखाना!" असं बायकोला ठणकावून मी निघालो.

रजा घेणं शक्यच नव्हतं. आमचा मशीनमन आणि बाइंडर महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. शाळेच्या पुस्तकांत आठ पानं उलटी लागली होती. हा म्हणे त्यानं उलटी छापली, तो म्हणे यानं उलटी शिवली! शनिवारपर्यंत पुस्तकं गेली नाहीत तर दोघांनाही घरी बसवा, असं मालकांनी मला, म्हणजे मॅनेजरला, बजावलं होतं. मी अर्ध्या तासाचं भाषण तयारच ठेवलं होतं.

खिळा कसला? चांगलं झाड निघालं, मुळांसकट! दाताच्या डॉक्टरीणबाई घामाघूम झाल्या. मी तर घामात पोहत होतो. शेवटी दाढेच्या जागी कापसाचा बोळा कोंबून त्या म्हणाल्या, "हा घट्ट चावून धरा. आणि आज बोलायचं नाही."

बोलायचं नाही! मला! चुकून लागलेल्या फोनशीसुद्धा मी पंधरा मिनिटं बोलतो!

छापखान्यात पोचतो तोच बाइंडर आत आला. "साहेब, मी नोकरी सोडतो."

मी म्हणालो, "म्फ!"

नेमका त्याच क्षणी इंजेक्शनचा बधिरपणा उतरला. जबड्यात कुणी पहार घातल्यासारखी कळ आली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी!

बाइंडर घाबरला. "साहेब, माझ्यासाठी रडताय?" तो धावत जाऊन मशीनमनला घेऊन आला. "बघ! आपल्या भांडणापायी या माणसाची काय दशा झालीय!"

मी टेबल गच्च धरून कण्हलो. मशीनमनचा बांध फुटला. "साहेब, पानं मीच उलटी छापली. चष्मा फुटला होता. सांगायची लाज वाटली."

"मला शिवताना दिसलं होतं," बाइंडर पुटपुटला. "मुद्दाम गप्प बसलो."

दोघांनी गळामिठी मारली. शनिवारी पुस्तकं गेली. मालकांनी माझी पाठ थोपटली; ती कळ थेट जबड्यात गेली, पण मी नम्रपणे मान झुकवली. गालाचा भोपळा झालेला, पोटात नुसतं गार दूध, पण रुबाब काय वर्णावा! घरी बायकोसुद्धा म्हणाली, "अहो, आजकाल किती समजूतदारपणे ऐकता!"

चौथ्या दिवशी सूज उतरली. दोघे सहज माझ्या खोलीत आले. म्हटलं, भाषण वाया कशाला घालवा? "मुळात चूक कुणाची जास्त?" इथपासून सुरुवात केली. विसाव्या मिनिटाला ते एकमेकांकडे डोळे वटारून पाहू लागले. तिसाव्या मिनिटाला मशीनमन दार आपटून गेला.

बाइंडर उंबऱ्यापाशी थबकला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, पलीकडची दाढ कधी काढताय?"