चाळीस किलोंची सवारी

आमच्या शेजारचे डोमाजी मिस्त्री धानाच्या कट्ट्याशी बोलतात.

कट्टा म्हणजे चाळीस किलोंची गोणी. ती त्यांच्या मोटारीच्या मागच्या सीटवर, डाव्या अंगाला उभी बसवलेली असते. पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, माथ्यावर ऊन लागू नये म्हणून दुपट्टा. गाडी खड्ड्यातून गेली की डोमाजी मान वळवून मोठ्या काळजीने विचारतात, "लागलं का?" कट्टा काही बोलत नाही. डोमाजी तरी जरा वाट पाहतात, जिभेने 'च्च' करतात आणि गाडी थांबवून, मागून स्कूटरवर येणाऱ्या मला वहीत काहीतरी लिहायला सांगतात.

हो, मला. मी साकोलीच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि तिथून दोन कोसांवरच्या या गावात राहतो. गावाला एक मोठा तलाव आहे, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या भरावावरून, गावात येणारा रस्ता आहे आणि दुपारच्या झोपेला याहून चांगली जागा मी नकाशावर पाहिलेली नाही. पण माझ्या झोपेची खोली आणि डोमाजींची वेल्डिंगची शेड यांच्यात एकच भिंत आहे. शाळेला सुटी असली की मी डोळे मिटायचे आणि त्यांनी ग्राइंडर चालू करायचा, असा आमचा शेजारधर्म. डोमाजी साठीचे, सडपातळ, एकटे. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं की म्हणतात, "राहून गेलं बाप्पा," आणि लगेच पाना शोधायला लागतात.

मोटारीचं खूळ त्यांच्या डोक्यात मीच घातलं. गावच्या मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, गोठ्यात कुबड्या पाठीची एक जुनी विलायती मोटार पडून होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. गोठ्याचं फाटक करून दिल्याच्या बदल्यात डोमाजी ती घेऊन आले. नेमकं त्याच दिवशी मी फोनवर एक गंमत पाहत होतो. परदेशात हौशी लोक असल्या जुन्या गाड्यांची छपरं कापतात, पुढे बुटकी चाकं, मागे उंच चाकं लावतात, इंजिन उघडंच ठेवतात आणि त्याला हॉट रॉड म्हणतात. डोमाजींनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"गुरुजी, हा तं आपल्या पटातला छकडा हाय!"

शंकरपटाच्या शर्यतीत बैलांना जुंपतात तो हलका छकडा. नुसती चाकं, दांडी आणि वरती जीव मुठीत धरून बसलेला माणूस. डोमाजी तरुणपणी पटाचे नावाजलेले हाकणारे होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारीचं छप्पर कापलं. मग मागचा दरवाजा रुंद केला आणि तळ कापून खाली घेतला. "हाटराड" मंडईच्या आधी झाली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, ढोलावर दंडारीचं लोकनाट्य नाचतं, सासरी गेलेल्या लेकीबहिणी माहेरी येतात. मला वाटलं, म्हातारपणी यांना मंडईत मिरवायची हौस आली.

पण मिरवणारा माणूस रंगाचं बोलेल. डोमाजी रंगाचं नाव काढत नव्हते. त्यांना फक्त दोन गोष्टींची चिंता होती: गाडी कशावर बसेल आणि कशावर चालेल.

हायवेवर ट्रकच्या कमानीचे, म्हणजे चाकांवरचे हादरे झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे, पाटे बसवणारे एक उस्ताद आहेत. मला घेऊन डोमाजी तिकडे गेले. उस्तादांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला.

"कितना माल लादना है?"

"चाळीस."

"चालीस टन? इस डब्बे में?"

"किलो."

उस्तादांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मिस्त्रीजी, चालीस किलो के लिए पाटा किसको लगता है? गोद में उठा के ले जाओ."

"थेच तं होत नाई," डोमाजी म्हणाले आणि उगाच पाट्यांच्या ढिगाकडे पाहत राहिले.

उस्तादांनी त्यांच्या हिशेबाने मऊतले मऊ पाटे दिले. आता ट्रकचा पाटा म्हणजे त्याच्यावर ओझं असेल तरच तो वाकणार. चाळीस किलोंना तो काय भीक घालतो! पहिल्याच चाचणीत गाडी पाळीवरून अशी आपटत गेली की कट्ट्याची शिवण उसवली. मी मागून स्कूटरवर होतो. मला मागच्या सीटवर बसायची परवानगी नव्हती. "तुमी बसान तं तुमच्या वजनानं पाटा खोटं बोलते," असं त्यांचं मत होतं. तर मी पाहतोय, पाळीवर धानाची रेघ पडत चाललीय आणि त्या रेघेवरून गावातली बदकं ओळीने चाललीत. मला हसू आवरेना. डोमाजींनी मात्र उतरून कट्ट्याची उसवलेली कूस दोन्ही हातांनी दाबून धरली होती. त्यांचा चेहरा पाहून मी स्कूटर बंद केली आणि सुतळी आणायला गेलो.

मग भंगारातल्या एका गाडीच्या गोल स्प्रिंगा आल्या. त्या इतक्या मऊ होत्या की गाडी थांबल्यावरही बराच वेळ हो हो करत मान डोलवायची. पाळीच्या वळणावर कट्टा पेंगायला लागला आणि सावकाश आडवा झाला.

"हादरा गेला, पन डुलकी आली," डोमाजी म्हणाले. "लिवा गुरुजी. डुलकीनं बी कंबर दुखते."

"कोनाची?"

"कट्ट्याची," ते म्हणाले आणि पाना शोधायला लागले.

चाकांची कथा तशीच. साकोलीतल्या एका दुकानदाराने त्यांना रुंद, चकचकीत, वर रबराची नुसती किनार असलेली चाकं दाखवली. आजकाल हीच चालतात म्हणाला. डोमाजींनी चाकात हात घालून पाहिला. "यात चाक कुठी हाय? ही तं बांगडी झाली." त्यांचे वडील सुतार, बैलगाडीची चाकं करण्यात नाव कमावलेले. त्यांचं एक वाक्य डोमाजी दिवसातून दहा वेळा म्हणत: "चाक मोठं तं खड्डा लहान." शेवटी पुढे बुटकी आणि मागे जुन्या जीपगाडीची उंच, अरुंद चाकं लागली. टायरमध्ये हवा किती, ते अंगठ्याने दाबून ठरलं. पिकलेलं सीताफळ दाबतात तितपत दबलं पाहिजे, असं ते हवा भरणाऱ्याला सांगत आणि तो बिचारा मशीनवरचा आकडा पाहत उभा राहायचा.

राहिले पाटे. ते त्यांनी कानाने निवडले. मोटारीचे मूळचे गंजलेले पाटे सोडवले, घासून पातळ केले आणि दोरीला टांगून एकेकावर लहान हातोडी मारायची. मग कान लावून, डोळे मिटून उभं राहायचं. आवाज लवकर मेला की पाटा बाजूला. लांबपर्यंत घुमत राहिला की, "हा घ्या. हा मऊ बोलते." मी भिंतीपलीकडे खाटेवर पडून ते ऐकायचो. ग्राइंडरने उडणारी माझी झोप या आवाजाने लागायला लागली. एक टण् व्हायचा, विरत विरत तलावापर्यंत जायचा, तो विरला की पुढचा. दिवाळीच्या आधीच्या त्या दुपारी मला अजून आठवतात. बाहेर धान पिकून पिवळं झालेलं, सगळीकडे त्याचा वास, आणि शेजारी एक माणूस लोखंडाला विचारतोय की तू किती मऊ आहेस.

दहातले पाच पाटे राहिले. त्यांच्या जोडीला शॉकअप बसले, उंच चाकं लागली आणि एका दुपारी गाडी पाळीवर निघाली. मी मागून पाहत होतो. कट्ट्याचा दुपट्टा हलला तो फक्त वाऱ्याने. पाळीच्या मध्यावर एक मोठा दगड जमिनीतून वर आलेला आहे. प्रत्येक चाचणीत डोमाजी मुद्दाम त्याच्यावरून गाडी नेत. त्या दिवशी गाडी दगडावरून गेली, मागचं चाक चढलं, उतरलं आणि कट्टा जागचा हलला नाही.

डोमाजींनी गाडी थांबवली. मान वळवली. पण या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. खाली उतरून ते दगडावर बसले. मी शेजारी बसलो. तलावात कमळाची पानं पसरली होती.

"डोमाभाऊ," मी विचारलं, "चाळीसच किलो काहून?"

"अडतीस हाय थे. दोन किलो लुगडं अन् पिशवी धरली."

मग ते तलावाकडे पाहत सांगू लागले. त्यांची मोठी बहीण सोनाबाई सिहोऱ्याला दिलेली. आई लवकर गेली, बाईनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. दरवर्षी मंडईला ती यायची. बस फाट्यावर सोडायची, तिथून डोमाजी तिला रेंगीत, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीत, घरी आणायचे.

"मी बावीस वर्साचा होतो. पटाचेच बैल रेंगीले जुपले. मागून दुसरी रेंगी आली, मंग मले कुठी धीर निंघते? बाई म्हणत होती, डोम्या, हळू हाक. याच गोट्यावर चाक चढलं. रेंगी उलटली."

त्यांनी एक खडा उचलून तलावात टाकला.

"मी उठलो ना गुरुजी, तं पयले बैलाईकडे पळालो. पंधरा दिवसावर पट होता. त्याईचे पाय चाचपून राहिलो, लागलं का रे राजा, लागलं का. बाई थितं चिखलात पडली होती. आपल्याच हातानं उठली, लुगडं झाडलं अन् रेंगी सोडून पायीच घरी गेली. कोनाले काई सांगतलं नाई तिनं. मले बी नाई बोलली. मी तिले इचारलंच नाई."

कंबर तेव्हाच दुखावली होती. वय झालं तशी ती वर आली. आता ती ताठ बसते, ताठ उठते, वाकता येत नाही, हादरा सोसत नाही. चार वर्षांत मंडईला आलेली नाही. तेव्हा कुठे मला कापलेलं छप्पर, रुंद दरवाजा आणि खाली घेतलेला तळ कळला. मी वहीत लिहीत होतो त्या प्रत्येक हादऱ्याचीही मला लाज वाटली, कारण मी ते हसत हसत लिहिले होते.

"पन एखादी चांगली गाडी भाड्यानं आणली असती तं?"

"आणली होती दोन सालाआधी. हादरे सोसले नाई, तुमसरावरून वापस गेली बाई." त्यांनी दगडावर हात फिरवला. "अन् भाड्याच्या गाडीत हाकणारा दुसरा रायते. उलटवली मी, तं आणाची बी मीच ना!"

मंडईच्या दिवशी पहाटेच आम्ही सिहोऱ्याला निघालो. मी पुढच्या सीटवर; इतकी बढती मला मिळाली होती. कट्टा शेडमध्ये राहिला. सोनाबाई अंगणात हिरवं लुगडं नेसून तयार उभ्या होत्या. चिमणीएवढं शरीर, पण उभ्या अशा की शाळेत प्रार्थनेला मुलं तशी उभी राहिली तर मी धन्य होईन. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली.

"डोम्या, हिचं छप्पर कोनं नेलं रे?"

"हवा पाहिजे तुले म्हणून कापलं, बाई."

"इंजिन बी उघडंच हाय. त्याले बी हवा पाहिजे का?"

असं म्हणत त्या न वाकता आत गेल्या आणि डाव्या अंगाला बसल्या. डोमाजींनी पोटाला तोच लुगड्याचा पट्टा बांधला. अडीच तासांचा रस्ता आम्ही सहा तासांत कापला. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात आणि वळून वळून पाहत. दर खड्ड्याला डोमाजींची मान वळायला निघायची, पण अर्ध्यात थांबायची. कट्ट्याला शंभर वेळा विचारलेला प्रश्न बहिणीला विचारायला तोंड उघडत नव्हतं.

चारच्या सुमारास तलाव दिसला. ऊन मऊ झालं होतं, पाण्यापलीकडून दंडारीचा ढोल ऐकू येत होता. गाडी पाळीवर आली. दगड जवळ आला. बाजूने जायला जागा होती, तरी डोमाजींनी चाक त्याच्यावरच घेतलं. गाडी चढली, उतरली. त्यांनी ब्रेक दाबला आणि पुढे पाहतच म्हणाले, "बाई, लागलं का?"

उत्तर आलं नाही. आम्ही दोघांनी दचकून मागे पाहिलं. सोनाबाई झोपल्या होत्या. मान सीटवर टेकलेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

"उठवू का?" मी म्हटलं. "घर आलं."

"नोका उठवू. तिची सून म्हणत होती, रातच्याले बी झोप नाई लागत." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. गावाच्या वेशीवर न थांबता त्यांनी गाडी खालच्या बांधाच्या रस्त्याला वळवली आणि तलावाला फेरा घालून पुन्हा पाळीवर आणली. मंडईला निघालेली माणसं बाजूला होऊन पाहत होती. डोमाजी त्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवत होते. ढोल जवळ यायचा, लांब जायचा. मलाही पेंग यायला लागली.

दुसऱ्या फेरीत पुन्हा तो दगड आला. पुन्हा चाक चढलं, उतरलं. डोमाजींनी या वेळी विचारलं नाही. मागून, डोळे मिटूनच, सोनाबाई बोलल्या.

"डोम्या, नाई लागलं रे. हाक तू."

डोमाजींनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि गाडी तिसऱ्या फेरीला काढली.