मिश्रीचं बोट

आमच्या कॉलनीतले तात्या नमस्काराला नमस्कार करत नाहीत. "बोट दाखवा," म्हणतात. उजव्या हाताची तर्जनी पुढे करायची. ते चष्मा कपाळावर सरकवून पेर न् पेर न्याहाळतात आणि "बरं हाय" म्हणून पुढच्या घराकडे जातात. गॅसवाला, पोस्टमन, दूध उतू जातंय म्हणून आत पळणारी सून, कुणाची सुटका नाही. सुरुवातीला मी वाद घालत असे. आता तेवढं त्राण नाही. फाटकाची कडी वाजली की मी पेपर डाव्या हातात घेते आणि उजवा हात पुढे करते.

मुलांनो, तुम्ही राहता तिकडे मिश्री मिळत नाही, म्हणून सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड सकाळी बोटाने हिरड्यांना चोळत बसायचं. आपल्या सातारा-सांगलीकडच्या कितीतरी बायकांचा दिवस त्यानेच उजाडतो. त्याशिवाय दात टिकत नाहीत आणि पोट साफ होत नाही, असा त्यांचा पक्का समज. रोज लावणारीचं बोट काळपट पडतं. तात्या तो काळेपणा शोधत फिरतात.

मागे शेजारच्या मुलीला बघायला औंधहून पाहुणे आले. वडीलधारे म्हणून तात्यांनाही बोलावलं होतं. पोह्यांच्या बशा फिरल्या. मुलाची आई मुलीला स्वयंपाकाचं काही विचारणार, एवढ्यात तात्या म्हणाले, "ते मागनं. तुमी आदी बोट दाखवा."

मुलाच्या आईने हात पदराखाली घेतला. "आवं, म्या काय चोरी केलीया व्हय?"

"चोरी न्हाई वो. पर आत काय चाललंय ते बघाय नको?"

लग्न जमलं, पण तात्यांना पत्रिका आली नाही. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. लग्नाहून आलेल्या प्रत्येकाला त्यांनी एवढंच विचारलं, "सासूनं सोडली का?"

"आत बघा, आत" हा त्यांचा मंत्र. तो नोकरीतून आलेला. कोयनानगरला त्यांची पाटबंधारे खात्यातली नोकरी सुरू झाली आणि पुढचं सगळं आयुष्य कालव्यांच्या काठाने चालण्यात गेलं. बँकेच्या रांगेत ते अनोळखी माणसाला पकडून सांगतात, "वरनं पानी झ्याक दिसतंय. पर आत बघा, आत. अस्तर खरवडलं की गाळ धरतोय, गवात उगवतंय, आन मग एक दिस पानीच फुडं सरकत न्हाई. मान्साच्या रगताचं बी तसंच हाय." रांग पुढे सरकते. तो माणूस मात्र पुढे सरकू शकत नाही.

हे वेड त्यांना लागलं ते त्यांच्या बायकोमुळे, हौसाक्कांमुळे. हौसाक्कांचं माहेर आटपाडीचं. बांधा काटक, बोलणं खणखणीत. एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून गळून पडला, आणि तो हात पुन्हा उचलला गेला नाही. दवाखान्यात मी बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का?"

जड जिभेने हौसाक्का म्हणाल्या, "न्हाई."

तात्या दुखावले. "डॉक्टर, आमच्या घरात इडीकाडीबी चालत न्हाई."

दोघंही खरं बोलत होते. मिश्री म्हणजे तंबाखू असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. नर्सने तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एक अगदी पातळ थर असतो. तो गुळगुळीत असतो तोवर रक्त विनाअडथळा वाहतं. पण शरीरात कुठे कायमची सूज असली, हिरड्यांत का असेना, की तिची झळ रक्तातून त्या थरापर्यंत पोचते. तंबाखू त्यात भर घालते. थर चिकट होतो, त्याखाली चरबी साठते, गुठळी धरते. "सगळं मिश्रीनंच झालं असं नाही," डॉक्टर म्हणाले. "बीपी होतं, साखर होती. पण आता मिश्री बंद. दुसरा झटका यायला नको."

तात्यांनी बीपी आणि साखर ऐकलीच नाही. घरी येताना रिक्षात म्हणाले, "बाई, म्या जलमभर अस्तरं तपासली."

मी म्हटलं, "तात्या, कालव्याचं अस्तर म्हणजे सिमेंट. हे जिवंत असतं. त्रास थांबवला तर ते आपलं आपण बरंचसं सुधारतं."

"म्हंजे परत नीट हुतंय?"

"हात येईल की नाही सांगता येत नाही. आतलं सुधारतं."



खरी अडचण नंतर सुरू झाली. मिश्री लावायला हौसाक्का एकट्या कधीच बसत नसत. सकाळी त्यांच्या मागच्या पायरीवर चार बायका जमायच्या. बोट तोंडात आणि गप्पा गावभरच्या. आजारपणातही त्या येत, आणि जाताना मायेपोटी चिमूटभर पूड हौसाक्कांच्या उशाशी ठेवून जात. तात्यांना ते कळलं, तेव्हापासून ते दारातच बायकांची बोटं तपासू लागले. मग पोस्टमनची, मग सगळ्या जगाची. बायका यायच्या बंद झाल्या. मिश्रीही बंद झाली.

आणि हौसाक्काही बंद झाल्या. बोलेनात. जेवण दोन घासांवर आलं. मी समजवायला गेले, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "बाई, वाचून करायचं काय? कुनी येत न्हाई, जात न्हाई." डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर औषधं एकटी काय करणार. तात्यांचा चेहरा उतरला. रोज निजताना आपल्याला धडधडतं, असं ते मला म्हणाले. मी त्यांना बीपी तपासायला सांगितलं.

त्यानंतर त्यांना एक नवीनच खोड जडली. बोट बघून झालं तरी हलायचे नाहीत. "काल तुमच्याकडं कोन आलतं?" "शालननं फ्रीज कवा घेतला?" "शालनची सासू काय म्हनली?" शालन म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली, त्याच पायरीवर येऊन बसणारी. मला शाळेतल्या शिस्तीची सवय, नसत्या चौकशा आवडत नाहीत. एकदा मी त्रासून म्हटलंही, "तात्या, तुम्हाला काय करायचंय?" ते ओशाळून हसले आणि तसेच शालनच्या फाटकाकडे गेले.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे मुगाची खिचडी घेऊन गेले. पुढचं दार उघडं होतं. मागच्या पायरीवर दोघं बसलेली. तात्यांचं बोट हौसाक्कांच्या तोंडात, आणि ते हळूहळू हिरड्या चोळत होते. माझ्या मनात आलं, थकला बिचारा, दिली शेवटी आणून. मला राग आला नाही.

मग त्यांच्या मांडीवरची ट्यूब दिसली. हिरड्यांसाठी दाताच्या डॉक्टरांनी दिलेलं पांढरं मलम. उजवा हात उठत नाही, आणि डावा हात तोंडाला लावायचा नाही ही हौसाक्कांची जन्माची सवय. म्हणून बोट तात्यांचं. चोळता चोळता ते सांगत होते, "...तर शालननं सासूला न इचारता फ्रीज आनला. सासू म्हनली, ह्यात आता मला ठेवतीस का? झालं. दोगी बोलत न्हाईत."

हौसाक्कांनी त्यांचा हात बाजूला सारला. "कुटं म्हनली? सैपाकघरात का भाईर, समद्यांदेखत?"

"ते इचारलं न्हाई."

"आन शालन कंचं लुगडं नेसली व्हती?"

"लुगडं? निळं आसंल."

"निळं कसलं? आकाशी का मोरपंखी? तुमाला सांगायच येत न्हाई." त्यांनी तोंड पुन्हा उघडलं, मग मिटून घेतलं. "उद्या नीट बगून या."

मी खिचडी ओट्यावर ठेवली आणि आवाज न करता परतले.

दुसऱ्या दिवशी तात्या आमच्या फाटकाशी आले आणि बराच वेळ माझ्या साडीकडे बघत उभे राहिले.

"बाई, ह्या रंगाला काय म्हनत्यात?"

"अबोली," मी म्हटलं.

"अबोली," ते म्हणाले. विसरू नये म्हणून तोंडातल्या तोंडात तेच घोकत ते शालनच्या घराकडे निघाले.