कंडक्टर सोडून

नगराळे काकांना चारपर्यंत मोजता येत नाही, अशी माझी पहिल्याच दिवशी पक्की समजूत झाली होती.

आम्ही यवतमाळचे चौघं रोज पहाटे सायकली घेऊन चौकात जमायचो. एक मी, फॉल-पिकोच्या दुकानाची मालकीण आणि वर्षभरापासून शुगरची पेशंट. दुसरे दातांचे डॉक्टर वानखडे, तिसऱ्या कॉलेजात शिकवणाऱ्या राठोड मॅडम. आणि चौथे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले नगराळे काका. काका आमच्या एकेकाच्या हँडलला बोट लावत जायचे. "एक, दोन, तीन. गाडी भरली."

"काका, आपण चार आहोत," मी म्हटलं.

बिनातिकीट सापडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कंडक्टर शिटात धरत नाही, ताई."

मोजणी झाली की प्रत्येकाला एकच प्रश्न, "कुठं?" आम्ही रोज एकाच रस्त्याने जात होतो, तरी जागेचं नाव सांगावंच लागायचं. एकदा डॉक्टर वैतागून म्हणाले, "स्वर्गात!" काका शांतपणे म्हणाले, "ते आपल्या रूटवर नाही. खाली उतरा." आणि डॉक्टर खरंच उतरले हो!

मग घंटी. काकांनी हँडलला पितळी घंटी बसवली होती आणि तिला बसमध्ये असते तशी दोरी. एक घंटी झाली की थांबायचं, डबल बेल झाली की निघायचं. त्याआधी पायडल मारलं की परत बोलावून पहिल्यापासून सगळं. मी भांडकुदळ म्हणून अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध आहे, पण या माणसापुढे दोनदा परत आले. काका स्वतः कायम शेवटी. "कंडक्टर मागंच असते." मागून त्यांचा आवाज चालू, "पुढं खड्डा! डावीकडून घ्या!" आणि कुत्रं, म्हैस, शेळी काहीही आडवं आलं की एक घंटी. माझ्या भाच्याच्या लग्नात फोटोसाठी स्टेजवर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा काका नुसते ओरडले, "पुढं सरका, पुढं मोकळं हाय!" आणि वऱ्हाड चक्क सरकलं.

अशा माणसाच्या नादी लागून आम्ही तीन दिवसांच्या सायकल मोहिमेत नाव घातलं. पहिल्या दिवशी यवतमाळहून दारव्हा, तिथून नेर आणि नेरहून संध्याकाळी पाचच्या आत परत यवतमाळ. नियम कडक होता. चौघं निघाले तर चौघांनीच पोचायचं, एक जरी मागे राहिला तरी अख्खा गट बाद. सूट एकच. कोणी आपणहून आयोजकांना फोन करून नाव काढून घेतलं, तर उरलेल्यांचं चालू.

दुसरा दिवस झरी जामणीचा होता आणि काकांचा सगळा जीव त्या दुसऱ्या दिवसात होता. तिकडच्या मुक्कामी गाडीवर त्यांनी अकरा वर्षं ड्युटी केली होती. संध्याकाळी गाडी शेवटच्या गावात पोचायची, तिथंच झोपायचं, सकाळी तीच गाडी परत. दोन महिने त्यांचं एकच पालुपद, "दुसऱ्या दिवशी आपली गाडी झरीले मुक्कामी!" मला झरीचं काही नव्हतं. नणंद म्हणाली होती, "वहिनी, येताना रिक्षानं या." तिचं तोंड बंद करायचं, एवढाच माझा हेतू.

थंडी मी म्हणत होती, पण दारव्ह्यापर्यंत आम्ही झकास गेलो. बाजाराचा दिवस, शेअर जीपमध्ये माणसं कोंबलेली, कापसाच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या. काका सगळ्यांना हात करत होते. नोंदीच्या टेबलावर आमच्या चौघांची कार्डं शिक्क्यासाठी ठेवली. शिक्केवाला शाई शोधायला वळला आणि तेवढ्यात काकांनी पिशवीतून तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा काढला. खट, खट, खट, खट!

जिथं शिक्का मारायचा, बरोब्बर तिथं भोक.

"अहो काका, कार्डं फाडली तुम्ही!" शिक्केवाला किंचाळला.

"फाडली नाही जी. तपासली."

तो ऐकेना. कार्ड खराब म्हणजे गट बाद, असं त्याचं म्हणणं. फोनवर फोन झाले, साहेबांना विचारा, मोठ्या साहेबांना विचारा. शेवटी भोकाच्या बाजूला शिक्का मारून सोडलं, पण पाऊण तास गेला. माझा पारा चढला होता. भर बाजारात मी ओरडले, "आग लावा तुमच्या त्या चिमट्याले! चार माणसं मोजता येत नाही अन् कंडक्टर म्हणे!"

काकांनी चिमटा पिशवीत ठेवला. "चुकलंच माह्यं," एवढंच म्हणाले. त्यानंतर नेरपर्यंत मागून ना खड्डा आला ना डावीकडून घ्या. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

नेरला दोन घास पोटात ढकलले आणि निघालो. यवतमाळ उंचावर, त्यामुळे परतीचा रस्ता सगळा दम काढणारा. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते. काका मागे पडत होते, आम्ही थांबत होतो, ते येत होते. यवतमाळ दहा किलोमीटर राहिलं तेव्हा एका गावाच्या बसथांब्याच्या शेडपाशी पाणी प्यायला टेकलो. साडेतीन वाजून गेले होते. काकांनी आमच्या हँडलला बोट लावलं. एक, दोन, तीन. "कुठं?" काही विचारलं नाही. मी पायडलवर पाय ठेवला आणि मागून डबल बेल झाली.

आम्ही सुटलो. तीनेक किलोमीटर गेलो असू. एका वळणावर शेळ्यांचा कळप अचानक रस्त्यावर आला, मी करकचून ब्रेक दाबला, पडता पडता वाचले. आणि माझ्या लक्षात आलं की मागून घंटी झाली नाही.

वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

"येत असतील," डॉक्टर म्हणाले. "डबल बेल दिली ना त्यांनी."

फोन लावला, लागेना. राठोड मॅडमनी घड्याळ दाखवलं. "ताई, मागे गेलो तर आपण चौघंही बाद होऊ."

"होऊ बाद!" मी म्हटलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, छातीत कळ आली असली तर? सकाळी मी काय बोलले ते कानात वाजायला लागलं. मी सायकल वळवली. हे दोघं नाही आले तरी चालेल म्हटलं, पण दोघंही आले.

काका शेडच्या बाकावर बसले होते. जन्मभर जो माणूस थांब्यावर गाडी घेऊन आला, तो गाडीची वाट पाहणाऱ्यासारखा बसलेला. उजवा पाय लांब केलेला, मांडीत गोळा आलेला. आम्हाला पाहून ते खूश झाले नाहीत, भडकलेच.

"वापस कायले आले? टाइम पाहा! मी डबल बेल दिलती ना?"

"माणूस खाली असताना दिलीच कशी?"

"तीन शिटा होत्या. मोजूनच दिली." त्यांनी मान फिरवली. "मी नाव काढून घेऊन राह्यलो. पण फोनच लागून नाही राह्यला."

"अन् झरी?"

काकांनी मांडी चोळली.

"झरीकडे गाडीची वाट पाहत लोकं," ते म्हणाले. "थंडीत शेकोटी करून बसत. लेट झाली त विचारत, कंडक्टर, काहून उशीर झाला, जेवले का? आता घरी ना कोणी चढत, ना कोणी उतरत. गमत नाही, ताई. पण माह्यापायी तुमची गाडी कायले बंद पाडू? सकाळीच पाऊण तास खाल्ला मी तुमचा."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्या पाण्याचाच मला राग आला. सॉरी म्हणायची मला सवय नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि खेकसले, "कुठं?"

"आं?"

"कुठं जायचं? लवकर सांगा, मागे गर्दी आहे!"

मागे एक कुत्रं झोपलं होतं. हा प्रश्न काकांनी हजारो लोकांना विचारला असेल, त्यांना कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

"झरी," ते हळूच म्हणाले. "एक फुल."

"ज्येष्ठ नागरिक ना तुम्ही? हाफ!" डॉक्टर म्हणाले.

"पासष्ट नाही झाले अजून," काका ताडकन म्हणाले. "फुल."

दातांच्या डॉक्टरने पाय चोळला, मॅडमनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. चार वाजून पाच मिनिटांनी मी काकांना सगळ्यांच्या पुढे उभं केलं. "कंडक्टर मागं असते," ते कुरकुरले. "आज नसते," मी म्हटलं आणि त्यांच्या घंटीची दोरी दोनदा ओढली.

ते दहा किलोमीटर मी विसरणार नाही. काकांच्या चालीने जायचं, ढकलायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडायचं नाही हेच मला सगळ्यात जड गेलं. शेवटच्या चढावर त्यांची सायकल रांगत होती, पाय थरथरत होता, आणि मागे मी दात आवळून घड्याळाकडे बघायचं नाही म्हणत तिथंच बघत होते. पाचला चार मिनिटं कमी असताना आम्ही यवतमाळच्या नोंदीच्या मांडवात शिरलो.

वही घेऊन बसलेल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "गटात किती जण?"

"तीन," काका धापा टाकत म्हणाले. सवयीने.

गृहस्थांनी पेन टेकवलं. "काका!" मी ओरडले.

काकांनी दोरी ओढली. एक घंटी. पेन थांबलं.

"थांबा जी." त्यांनी डॉक्टरांच्या हँडलला बोट लावलं, मॅडमच्या लावलं, माझ्या लावलं. एक, दोन, तीन. मग बोट थोडा वेळ हवेतच राहिलं, आणि वळून त्यांच्या स्वतःच्या हँडलवर टेकलं.

"चार लिहा," काका म्हणाले. "कंडक्टर धरून."